पेन्शन आत्ता घेऊ की थांबू?

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे चारही पत्रांत प्रश्न जवळपास एकच आहे, सरकारकडून मिळणारी पेन्शन कधी सुरू करायची. मी एका कारखान्याच्या पर्सनल डिपार्टमेंटमध्ये तीस वर्षं पीएफचे कागद केलेत, त्यामुळे जे माहीत आहे ते आकड्यांसकट सांगतो. नावं कुणाचीच छापत नाही.

काका, नमस्कार. आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. माझे मिस्टर मकरपुरा जीआयडीसीत एका कंपनीत लेथवर होते, सप्टेंबर १९९९ पासून. गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्यांचं डिपार्टमेंटच बंद केलं. त्यांचं वय ५५ आहे, माझं ४९. पीएफ अजून काढलेला नाही. मुलगा नोकरीला लागलाय, मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे. एक एजंट सांगून गेला की आत्ताच फॉर्म भरा, पेन्शन लगेच चालू करून देतो, उगाच ५८ ची वाट कशाला बघता. मिस्टरांना मुलाकडे पैसे मागायला नको वाटतं म्हणून ते तयार झालेत. मला मनातून भीती वाटते. काय करावं?

ताई, भीती वाटली ते बरं झालं, कारण हा फॉर्म एकदा भरून पेन्शन चालू झाली की मागे फिरता येत नाही.

आधी किती मिळेल ते बघू. ही ईपीएस ९५ ची पेन्शन, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेली कर्मचारी पेन्शन योजना. हिशोब असा की पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पण हातात येणारा नाही, मर्यादेपर्यंतचाच, आणि ही मर्यादा ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. इथे लोक फसतात. सगळी वर्षं १५,००० ने गुणतात आणि साडेपाच हजार येतील म्हणून बसतात. तुम्ही पीएफचं पासबुक उघडा, सगळ्यात शेवटचा पेन्शनचा रकाना बघा, बऱ्याच जणांचं दिसतं तसं तिथे दर महिन्याला ५४१, ५४१ असं चाललेलं असेल आणि सप्टेंबर २०१४ पासून एकदम १,२५० होईल. तीच ती रेघ. रेघेच्या आधीची वर्षं ६,५०० ने, नंतरची १५,००० ने.

तुमच्या मिस्टरांची आधीची १५ वर्षं आणि नंतरची ११. म्हणजे ९७,५०० अधिक १,६५,०००, एकूण २,६२,५००, भागिले ७०, आले ३,७५०. ही ५८ व्या वर्षाची पूर्ण पेन्शन. ५० नंतर नोकरी सुटलेली असेल तर आधी घेता येते, एजंट त्यात खोटं बोललेला नाही, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांचे दरसाल ४ टक्के कापतात. तीन वर्षं म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास, ३,७५० चे ३,३०० झाले. आणि ही कपात तीन वर्षांपुरती नसते बरं का, जन्मभराची असते. त्यातून ईपीएसला महागाई भत्ता नाही, दरवर्षी वाढ नाही, आज जो आकडा ऑर्डरवर छापला जाईल तोच ते ८५ वर्षांचे झाले तरी खात्यात येणार.

दुसरी गोष्ट एजंटने सांगितली नसणार. ज्याची नोकरी २० वर्षं किंवा जास्त आहे आणि जो ५८ पूर्ण करून पेन्शन घेतो त्याच्या नोकरीत २ वर्षं वाढवून धरतात, वेटेज म्हणतात त्याला. लवकर घेणाऱ्याला ते नाही. तुमच्या मिस्टरांची २६ ची २८ होतील, पेन्शन ४,००० च्या आसपास जाईल. म्हणजे खरी तुलना ३,३०० आणि ४,००० ची आहे.

आता ३,३०० प्रमाणे तीन वर्षांत मिळतील १,१८,८००. पुढे दर महिन्याला ७०० कमी. भागाकार केला तर १७० महिने, १४ वर्षं, म्हणजे ७२ व्या वर्षापर्यंत लवकर घेणारा पुढे आणि त्यानंतर थांबणारा पुढे. वेटेज धरलं नसतं तर हेच वय ८० आलं असतं, इतका त्या दोन वर्षांनी फरक पडतो.

पण मी इथे थांबलो तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. पूर्वी मी सगळ्यांना सरसकट ‘५८ पर्यंत थांबा’ म्हणायचो. नंतर एका ओळखीच्यांनी व्याज धरून हिशोब मांडून दाखवला आणि मला माझं म्हणणं बदलावं लागलं. ते ३,३०० जर कुणी खरंच दर महिन्याला बाजूला टाकले आणि त्यावर साडेसहा-सात टक्के व्याज मिळालं तर लवकर घेणाराही फारसा मागे पडत नाही, कारण पेन्शन वाढत नाही आणि व्याज वाढत राहतं. फक्त ते पैसे बाजूला पडतात का ते ज्याने त्याने घरात बघावं. माझ्या बघण्यात तरी ते दूध, गॅस आणि लाइट बिलातच जातात, आणि त्यात चूक काहीच नाही, त्यासाठीच पेन्शन असते.

म्हणून ताई, तुमच्या घराचा निर्णय व्याजावर नाही, मिस्टर परत कामाला लागणार का याच्यावर आहे. ५५ वर्षांचा, हातात लेथचं काम असलेला माणूस, मकरपुऱ्यात काय किंवा वाघोडिया रोडला काय, त्याला काम मिळायला हरकत नाही, पगार थोडा कमी मिळेल. समजा तीन वर्षं पीएफ कापणाऱ्या ठिकाणी मिळालं आणि पगार १५,००० किंवा वर राहिला, तर नोकरी २९ वर्षांची होते, पेन्शन ४,३९३ आणि वेटेज धरून साडेचार हजाराच्या वर. लवकरची पेन्शन एकदा चालू केली की हे दार बंद, पुढच्या कंपनीत पीएफ कापला जाईल पण पेन्शनमध्ये काही भर पडणार नाही. शिवाय आज न घेतलेली पेन्शन पुढच्या महिन्यात, पुढच्या दिवाळीत केव्हाही मागता येते, आणि जितका उशीर तितकी कपात कमी. घाई करायला काही कारणच नाही.

आणि तुमचं स्वतःचं बघा. पेन्शन चालू झाल्यावर नवऱ्याचं काही झालं तर बायकोला त्याला मिळत होती त्याच्या निम्मी मिळते, कापलेल्या पेन्शनची निम्मी. म्हणजे ३,३०० चे १,६५०, की ४,००० चे २,०००. तुम्ही त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बायका जगतातही जास्त, त्यामुळे हा आकडा बहुतेक तुमच्याच आयुष्यात जास्त वर्षं चालणार आहे. तरी फॉर्मवर सही फक्त नवऱ्याची आणि बायकोला नुसतं जॉइंट फोटोला बोलावतात, हे मला आयुष्यभर खटकत आलंय. तुम्ही दोघांनी एकत्र बसून ठरवा.

मी असं करेन. सहा महिने काम शोधू देत. घरखर्चाला कमी पडलं तर मुलाने द्यावेत, वडिलांनी २६ वर्षं द्यायचेच काम केलंय. काम नाहीच मिळालं, किंवा डोळे, गुडघे साथ देत नसतील, तर मग पेन्शन घ्या, मनाला लावून घेऊ नका, पण पीएफची रक्कम फोडू नका, ती तुमच्या दोघांची म्हातारपणाची आहे.

अजून एक, हे आजच करा. कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’, म्हणजे नोकरी सुटल्याची तारीख, भरली का ते पीएफच्या पोर्टलवर बघा, आणि नाव बघा. आपल्या बडोद्यातल्या मराठी लोकांचा हा ठरलेला घोळ आहे, कंपनीच्या क्लार्कने रजिस्टरमध्ये नावापुढे ‘भाई’ लावलेलं असतं आणि आधारवर नुसतं नाव असतं, बायकांचं तसंच ‘बेन’ चं. एवढ्यावरून फॉर्म परत येतो. तीन वर्षं हातात आहेत तोवर दुरुस्त करून ठेवा.

सर, मी नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत आहे. पुढच्या महिन्यात ५८ पूर्ण होतात पण कंपनीत रिटायरमेंट ६० ला आहे. पेन्शन साधारण ४,५०० बसते असं आमच्या ऑफिसने सांगितलं. मित्र म्हणतात ६० पर्यंत पुढे ढकल, वाढून मिळते. मुळात नोकरी चालू असताना पेन्शन मिळते का?

मिळते. ५८ पूर्ण झाले की नोकरी चालू असो नसो, पेन्शन घेता येते, हे कितीतरी जणांना माहीत नसतं आणि ते बिचारे दोन वर्षं तशीच घालवतात.

पुढे ढकलायची सोय आहे, २०१६ पासून आहे. ५९ ला घेतली तर ४ टक्के जास्त, ६० ला घेतली तर ८.१६ टक्के. तुमच्या ४,५०० वर ८.१६ टक्के म्हणजे ३६७ रुपये. त्यासाठी २४ महिन्यांचे १,०८,००० सोडायचे. ते ३६७ च्या हप्त्याने भरून यायला २९४ महिने लागतात, म्हणजे तुम्ही साडेचौऱ्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत, आणि तेसुद्धा व्याज न धरता. ढकलताना पेन्शनमध्ये भरणा चालू ठेवायचाही पर्याय आहे, त्यात नोकरीची वर्षं थोडी वाढतात, पण मग ते १,२५० रुपये दर महिन्याला तिकडे जातात. मला हा सौदा पटत नाही. ५८ ला घ्या.

पण तुमच्या ऑफिसला जाऊन एक गोष्ट स्वतः बघून या. तुम्ही पुढे ढकलत नसाल तर ५८ नंतर पेन्शनचा भरणा बंद व्हायला पाहिजे आणि मालकाचा सगळा १२ टक्के पीएफमध्ये जायला पाहिजे. माझ्या स्वतःच्या बाबतीत मी नोकरीला होतो तिथल्या नव्या क्लार्कने सात महिने १,२५० पेन्शनमध्येच टाकले, आणि मी त्याच डिपार्टमेंटमधून उठलेलो माणूस तरी माझ्या लक्षात आलं नाही. फॉर्म १०डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, तीनदा परत आला. दर वेळी कारण वेगळं लिहिलेलं, खरं कारण तिसऱ्यांदा कळलं. पेन्शन अकरा महिन्यांनी सुरू झाली, थकबाकी मिळाली, पण ते अकरा महिने मी रोज संध्याकाळी बँकेचा मेसेज बघायचो ते आठवतंय. तुम्ही ५९ व्या वर्षाच्या पहिल्या महिन्याचीच पगाराची स्लिप आणि पासबुक समोरासमोर धरून बघा.

१ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेत घेता येते, त्यामुळे पुढे मुलाकडे पुण्याला गेलात तरी कागद हलवायला नकोत. हयातीचा दाखला वर्षातून एकदा, मोबाइलवरूनही होतो.

नमस्कार. आम्ही १९ वर्षं न्यू जर्सीत होतो, आता कायमचे परत येऊन अलकापुरीत राहतो. ग्रीन कार्ड परत केलं, दोघंही भारतीय नागरिक. मी तिकडे १७ वर्षं नोकरी केली, सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनची वर्गणी, कापली गेली, पेन्शनच्या हक्काला लागणारे ४० क्रेडिट पूर्ण आहेत. पत्नीने तिकडे नोकरी केली नाही. मला यंदा ६२ पूर्ण होतात. तिकडचे मित्र म्हणतात ६२ लाच घेऊन टाक, तिकडचा पैसा संपत चाललाय. पत्नी माझ्यापेक्षा ७ वर्षांनी लहान आहे. घरखर्च भाड्यातून आणि ठेवींतून निघतो.

तुमचा प्रश्न वरच्यांसारखाच आहे पण उत्तर उलटं येतं.

१९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं तिकडचं पूर्ण पेन्शनचं वय ६७. समजा ६७ ला महिन्याला १,००० डॉलर बसतात, तर ६२ ला घेतले तर ७०० मिळतील आणि ७० पर्यंत थांबलात तर १,२४०. ६२ आणि ६७ ची बरोबरी होते ७८ वर्षं ८ महिन्यांना, ६७ आणि ७० ची साडेब्याऐंशीला. आणि आपल्या ईपीएससारखा हा आकडा गोठलेला नसतो, तिकडे महागाईप्रमाणे दरवर्षी वाढ देतात, घेतली नसेल तरी हिशोबात ती वाढ धरली जाते. आपल्याकडे थांबल्याचे वर्षाला ४ टक्के आणि वर काही नाही, तिकडे ६७ नंतर थांबल्याचे वर्षाला ८ टक्के आणि वर महागाई. थांबण्याची किंमत जिथे एवढी देतात तिथे घरखर्चाची ओढ नसलेल्या माणसाने घाई करू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पैसा संपतोय हे अर्धं खरं आहे. सोशल सिक्युरिटीच्या विश्वस्तांचा २०२५ चा अहवाल म्हणतो की निवृत्तिवेतनाचा साठवलेला निधी २०३३ मध्ये संपेल, पण त्यानंतरही चालू करातून ७७ टक्के देता येतील, आणि ते संसदेने काहीच केलं नाही तर. शिवाय कपात झालीच तर ती ६२ ला घेतलेल्यालाही लागेल, म्हणजे तुमच्या ७०० मधून.

कर मात्र लक्षात ठेवा. तुम्ही आता तिकडचे नागरिक नाही, रहिवासी नाही, त्यामुळे रकमेच्या ८५ टक्क्यांवर ३० टक्के कर ते तिकडेच कापतात, म्हणजे एकूण २५.५ टक्के. १,००० चे ७४५ हातात येतील. भारत-अमेरिका करारात सोशल सिक्युरिटीवर कर फक्त देणाऱ्या देशाने घ्यायचा असं आहे, तेव्हा इथे परत भरायचा नाही, तुमच्या सीएला हे आधीच सांगा, कारण बडोद्यात असे कागद बघितलेले सीए कमी आणि ते सरळ उत्पन्नात जोडून टाकतात. ४० क्रेडिट असलेल्या भारतीय नागरिकाला पैसे इथे राहूनही मिळत राहतात, ती काळजी नको.

अजून एक, तुम्ही ६७ च्या आत पेन्शन सुरू केलीत आणि इथे कुठे कन्सल्टिंग किंवा क्लास वगैरे काही काम घेतलंत, तर ज्या महिन्यात ४५ तासांपेक्षा जास्त काम होईल त्या महिन्याचे पैसे अडकतात. परत आलेले लोक घरी बसत नाहीत, वर्षभरात कुठे ना कुठे गुंततात, म्हणून सांगतो.

आता पत्नीचं. तुमच्यामागे त्यांना तुमच्याच रकमेवर विधवा पेन्शन मिळणार, आणि तुम्ही ६२ ला कमी करून घेतली असेल तर त्यांचीही कमीच राहते. तिकडची नागरिक नसलेल्या बायकोला परदेशात ती मिळायला लग्नानंतरचं किमान ५ वर्षं अमेरिकेतलं वास्तव्य लागतं, तुमच्या पत्नीचं आहे, फक्त जुने पासपोर्ट आणि व्हिसाची पानं जपून ठेवा, लॉफ्टवर टाकू नका. त्या ७ वर्षांनी लहान आहेत, स्वतःची पेन्शन नाही. हे सगळं बघता तब्येत चांगली असेल तर ६७ च्या आत हात लावू नका असं माझं मत. ६७ ला परत बघा, तेव्हा तब्येत कशी आहे त्यावरून ७० चं ठरवता येईल. आणि आज एखादा मोठा आजार असेल, तर मला लिहा, मग हा हिशोब पूर्ण बदलतो.

काका, माझी नोकरी दोन कंपन्यांत मिळून ९ वर्षं ७ महिने झाली आणि आता सुटली. वय ५२. सायबरवाला म्हणतो १० वर्षं नाहीत म्हणून पेन्शनचे पैसे काढून घ्या, १०सी भरतो. वाडीहून.

भरू नका. सहा महिने किंवा जास्त झाले की ते पूर्ण वर्ष धरतात, तुमची १० वर्षं झाली, म्हणजे जन्मभराच्या पेन्शनचा हक्क झाला. पहिल्या कंपनीचं खातं दुसऱ्यात ट्रान्सफर झालेलं नसेल तर आधी ते करून घ्या, नाहीतर दोन्ही नोकऱ्या वेगवेगळ्या दिसतील आणि कॉम्प्युटर तुम्हाला पैसे काढायलाच सांगेल. १०सी मध्येच पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या नोकरीचा पेन्शनसाठीचा दाखला, घ्यायचाही पर्याय असतो, पुढे नोकरी करणार नसाल तर ते घ्या आणि ५८ पर्यंत सांभाळा. सायबरवाल्याने फॉर्म भरायला घेतला असेल तर पत्र वाचल्या वाचल्या त्याला फोन करा, ओटीपी देऊ नका.